कोयिनांचा गूळ

आमच्या पाइंगला चीवर चढवायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद गल्लीतल्या कुत्र्यांना झाला असणार. पोरगा आठवडाभर विहारात राहणार, म्हणजे आठवडाभर त्यांच्या शेपट्यांना दुधाचे रिकामे डबे बांधले जाणार नव्हते.

मी पाइंगची आई. पखोक्कू गावात नदीच्या बाजूला आमचं घर आणि घरापुढे माझं मोहिंग्याचं दुकान. पहाटे माशांचा रस्सा चुलीवर चढवायचा आणि शेवया संपेपर्यंत वाढत बसायचं, हा माझा धंदा. नवरा को टून सायकली दुरुस्त करतो, म्हणजे चहाच्या दुकानात बसून सायकली बिघडायची वाट बघतो. सासूबाई माळ जपतात आणि जपता जपता माझे दोष मोजतात, दोन्हीला एकच माळ पुरते. पाइंग सात वर्षांचा आणि थिरी चार वर्षांची. सात वर्षांच्या आयुष्यात पाइंगने जे उद्योग केले ते सगळे सांगत बसले तर रस्सा करपेल. एकच सांगते. मुंडण म्हणजे काय हे समजून घ्यायला त्याने बापाच्या वस्तऱ्याने मा न्वेच्या मांजराची एक बाजू तासली. दुसरी बाजू राहिली, कारण मांजराचा धीर सुटला.

मा न्वे आमची शेजारीण. तिचा मुलगा गेल्या उन्हाळ्यात कोयिन झाला होता. चीवर अंगावर आलं की पोरगा कोयिन होतो, बालभिक्षू, आणि एक आठवडा तरी त्याने विहारात काढावा अशी आमच्याकडे पद्धत. तिचा मुलगा तिसऱ्या दिवशी दुपारी रडत घरी आला. त्यावर मी काही बोलले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "अगं, भात अर्धा कच्चा उतरवलास की काय?" पण दुकानात गर्दी होती आणि सगळे हसले. तेव्हापासून मा न्वे माझ्या पोराची पाळी कधी येते याची वाट बघत होती.

सासूबाईंची वाट याहून जुनी. त्यांचा स्वतःचा मुलगा, म्हणजे माझे पतिराज, लहानपणी कोयिन झाले आणि दुसऱ्याच दिवशी विहाराच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून मासे पकडायला पसार झाले. सगळ्या गावाला जेवण घालून सासूबाईंच्या पदरात पुण्य पडलं ते दीड दिवसाचं. तेव्हापासून त्या म्हणत आल्या, "एक नातू नीट कोयिन झालेला बघितला की मी डोळे मिटायला मोकळी." जेवत मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित होत्या.

पाइंगला विचारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

"फ्वाफ्वा, तिथे शाळा असते?" त्याने आजीला विचारलं.

"नाही रे राजा."

"आंघोळ?"

"असते."

इथे जरा विचार झाला. "आणि मेमे मारते का कोयिनला?"

"छे छे! मेमे कशी मारेल? मेमेला तुझ्या पाया पडावं लागेल. आई झाली म्हणून काय झालं?"

पाइंगने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. "मग उद्याच जाऊ," म्हणाला.

ते पाया पडायचं सासूबाईंनी सांगायची काही गरज होती का? पण विचारणार कोण.

सोहळ्याच्या दिवशी पोराला रेशमी कपडे, डोक्यावर मुकुट, गालांना थानखाचा पिवळसर लेप आणि ओठांना लाली लावून भाड्याच्या घोड्यावर बसवलं. राजकुमार राजवाडा सोडून निघाला त्याची ही आठवण. वर सोनेरी छत्री, पुढे ढोल, मागे सारी गल्ली. आमच्या राजकुमाराला नदीकाठच्या चिंचेपाशी शू लागली. मिरवणूक थांबली, ढोल थांबले, छत्री धरणारा छत्रीसकट चिंचेमागे गेला. को टूनला हे इतकं आवडलं की तो संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला सांगत होता. त्याच मांडवात थिरीचे कान टोचायचे होते. एक कान टोचून झाला आणि दुसऱ्याच्या वेळी तिने टोचणाऱ्या म्हाताऱ्याचा अंगठा चावला. सासूबाई म्हणाल्या, मुलगी आईवर गेली.

मग विहारात मुंडण. आईबापाने दोन बाजूंनी पांढरं कापड धरायचं आणि त्यात पोराचे केस झेलायचे. जावळाचा तो वास अजून केसांत होता असं मला वाटलं, आणि माझे डोळे वाहायला लागले. सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "बघा, आनंदाश्रू." मी मान डोलावली. घरी गेल्यावर रडायला वेळ मिळणार नव्हता, भांड्यांचा ढीग पडला होता.

पाठ केलेली पाली वाक्यं पोराने पोपटासारखी म्हटली, एका ठिकाणी जांभई देऊन. चीवर अंगावर आलं, आणि मी, जिने पंधरा दिवसांपूर्वी याच पोराला कालथा घेऊन गल्लीभर पळवलं होतं, गुडघे टेकून तीनदा कपाळ जमिनीला लावलं. वर बघितलं तर त्याच्या चेहऱ्यावर एक हसू पसरत होतं. ते मी ओळखते. दुधाचा डबा कोणत्या फळीवर लपवलाय हे कळलं तेव्हा असाच हसला होता.

"मेमे," तो हळूच म्हणाला, "परत एकदा. मी बघत नव्हतो."

आता कोयिनला अरेतुरे चालत नाही. स्वतःच्या पोटचं असलं तरी अहो-जाहो करायचं, स्वतःला शिष्या म्हणवायचं. आणि बाईने हात लावायचा नाही, आई असली तरी नाही. पहिल्याच सकाळी भिक्षेची रांग आमच्या दारी आली, सगळ्यात शेवटी आमचे महाराज, पोटापेक्षा पात्र मोठं. चीवर खांद्यावरून घसरत होतं, माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात!" सासूबाई मागून ओरडल्या. मी हात मागे घेतला आणि भात वाढला.

"अंडं," पात्रातून आवाज आला.

"कोयिनांनी काही मागू नये," मी म्हणाले.

"मागत नाहीये. नुसतं म्हणतोय."

"कोयिनांनी नाकातलं बोट काढून मौन पाळावं, अशी या शिष्येची नम्र विनंती आहे."

"ही शिष्या रागावली का?"

"शिष्येला राग येत नाही. शिष्या आठवडा संपायची वाट बघते आहे. आठवडा संपला की कोयिनांच्या पाठीची सेवा करायचं पुण्य तिला मिळणार आहे."

कोयिनांनी बोट काढलं. थिरीला मात्र गुडघे टेकायला लावता लावता नाकी नऊ आले. "हा दादा आहे," ती म्हणत होती, "टकला झाला म्हणून काय झालं?" शेवटी ती टेकली, आणि मुठीत धरून आणलेली वस्तू तिने पात्रात टाकली. तो पाइंगचा भोवरा होता, दोन तुकड्यांत. "दादा, हा मोडला," ती गोड आवाजात म्हणाली. "मी नाही मोडला. मी खेळत होते आणि तो मोडला." कोयिनांनी नजर खालीच ठेवली, पण कान लाल झाले. ओरडायची सोय नव्हती, झिंज्या ओढायची तर मुळीच नव्हती. रांग पुढे सरकली आणि ते भोवऱ्यासकट निघून गेले. थिरीने मला विचारलं, दादा आता कायमचा असाच राहील का, कारण तिच्या मनात त्याची पेन्सिलींची पेटीही होती.

सकाळ अशी निभावली, खरी परीक्षा दुपारची. विहारात दुपारी बाराच्या आधी जेवण, त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. पाइंग घरी असताना दुपारी बाराच्या नंतरच खरा जेवायचा. को टून तिकडून चक्कर मारून आला आणि म्हणाला, "जमिनीवर उताणा पडलाय. म्हणतो, मी मरतोय, फ्वाफ्वाला सांगा माझ्या वाटणीचं पुण्य थिरीला देऊ नका."

"पळून येईल," सासूबाई बसल्या जागी पांढऱ्या पडल्या. "बापावर गेलाय. मागच्या भिंतीकडे बघत होता का?"

"भिंत आता उंच केलीय," को टून म्हणाला. हे त्याला कसं ठाऊक ते कोणी विचारलं नाही.

आमच्या कुंपणापलीकडून मा न्वे कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काय गं, भात शिजतोय ना?"

मी हसले. मला ते हसू पुरतं आठवतंय, कारण त्याने जबडा दुखला. माझं पोर जर आठवड्याआधी परत आलं असतं तर मला दुकान उचलून नदीपलीकडे न्यावं लागलं असतं. आणि सासूबाईंनी तर अंथरूणच धरलं असतं.

विहाराचे सयाडो, म्हणजे मुख्य भिक्षू, म्हातारे आणि शांत. त्यांनी को टूनला सांगितलं होतं की दुपारनंतर जेवण चालत नाही, पण ताडाचा गूळ चालतो, तो औषधात धरला जातो. भूक अनावर झालीच तर कोयिनने एखादा खडा तोंडात धरावा. एखादा, असं ते म्हणाले होते. को टूनने घरी येऊन सांगितलं, "गूळ चालतो."

झालं. दुपारी दुकान आवरून मी गुळाची पुडी घेऊन गेले. कोयिनांसमोर गुडघे टेकले, पुडी पुढे सरकवली आणि म्हणाले, "कोयिनांनी हे कोणाला सांगू नये. फ्वाफ्वाला तर नाहीच." कोयिनांनी गंभीरपणे मान हलवली. मी विहारातून बाहेर पडले तेव्हा सासूबाई पलीकडच्या फाटकाने आत शिरत होत्या, छत्री पोटाशी धरून. दर्शनाला आल्या असतील असं मला वाटलं. छत्री पोटाशी का, हा विचार डोक्यात आला नाही.

तीन दिवस पोरगं खुशीत होतं. तक्रार नाही, भिंतीकडे बघणं नाही. सकाळी भिक्षेला यायचा, "अंडं" असं नुसतं म्हणायचा आणि जायचा. सासूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "रक्तातच आहे हो. माझ्या वडिलांकडून आलंय." मीही मा न्वेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायला लागले, "काय बाई, पोराला घरची आठवणच येत नाही."

चौथ्या सकाळी रांग आली आणि शेवटचं पात्र नव्हतं.

"पाइंग कुठाय?" मी पुढच्या कोयिनला विचारलं. अहो-जाहो विसरले.

"पोट," तो म्हणाला. "रात्रभर. आणि ताप."

रस्सा चुलीवर, गिऱ्हाईक बाकावर, थिरी काखेत. मी कशी पोचले मला माहीत नाही. मागून को टून, त्याच्या मागून सासूबाई, आणि सगळ्यात मागे, चौकशीला म्हणून, मा न्वे. पोरगं चटईवर पडलं होतं, ओठ सुकलेले, टक्कल घामाने चमकणारं. कंपाउंडर येऊन गेला होता. घाबरायचं कारण नाही, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, असं सांगून.

"काय खाल्लं यांनी?" सयाडोंनी विचारलं.

"नियमाबाहेर काही नाही, भन्ते," सासूबाई हात जोडून म्हणाल्या. "मी थोडासा गूळच..."

"तुम्ही?" मी म्हणाले. "गूळ तर मी आणत होते!"

को टून खाकरला. "मला वाटलं, तुम्हा बायकांच्या हे लक्षात राहणार नाही."

आम्ही तिघांनी मा न्वेकडे बघितलं, का ते सांगता येणार नाही. ती खांबाआड सरकली. "माझा मुलगा भुकेने परत आला होता," ती म्हणाली. "म्हटलं, तुझा तरी टिकू दे."

सयाडोंनी चटईचं टोक उचललं. खाली गूळ होता, पुडीत, पानात, वर्तमानपत्रात, आणि मुंग्या ये-जा करत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोराने गुपित पाळलं होतं, आणि तेही चौघांचं. सयाडोंनी टोक परत खाली सोडलं. त्यांना हसू येत होतं की राग, ते त्या वयाच्या माणसाच्या तोंडावरून समजत नाही.

मग शुश्रूषा सुरू झाली. मला हात लावता येत नव्हता, सासूबाईंना येत नव्हता, मा न्वेला येत नव्हता. तीन बायका ओळीने गुडघे टेकून बसलो आणि सगळं काम एका पुरुषावर आलं, ज्याने दोन मुलं होऊनसुद्धा एकदाही नाक पुसलं नव्हतं.

"कपाळावर पट्टी ठेवा. कपाळावर! ते डोळे आहेत."

"डोकं वर धरा आधी, मग चमचा."

"पिळा की ते फडकं! पोराला नदीत घालताय का?"

"तूच कर मग," को टून चिडून म्हणाला, आणि लगेच फडकं पिळायला लागला, कारण माझा चेहरा त्याने बघितला.

पोराच्या गळ्याशी, जिथे मी रोज रात्री हात ठेवून ताप बघते, तिथे पाणी ओघळत होतं आणि को टूनला ते दिसत नव्हतं. माझ्यापासून हातभर अंतरावर. मला एवढंच हवं होतं, तेवढं पुसायला मिळावं.

सयाडो म्हणाले, "लहान पोर आहे. घरी न्यायचं असेल तर आत्ता चीवर उतरवू. यात काही पाप नाही."

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. पण त्यांचाच आवाज आला, अगदी बारीक. "ने गं त्याला. मला नको पुण्यबिण्य. माझ्याच गुळाने पोर आजारी पडलं." आणि त्या रडायला लागल्या, पाहुण्यांसमोर रडायच्या तशा नाही, तोंड वाकडं करून.

"ने घरी," मा न्वेही म्हणाली. "लोक दोन दिवस बोलतात, मग विसरतात. मला ठाऊक आहे ना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मी पुढे सरकले. "पाइंग, चल राजा, घरी जाऊ."

त्याने डोळे उघडले. "कोयिन म्हण."

"कोयिन, चला घरी. अंडं करते. दोन करते."

त्याने विचार केला. दोन अंड्यांचा विचार त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. मग म्हणाला, "शेवटच्या दिवशी घंटा माझी आहे."

भिक्षेच्या रांगेपुढे एक जण पितळी घंटा वाजवत चालतो, म्हणजे घराघरात कळतं. ती पाळी याला मिळाली होती. पुण्य नाही, आजी नाही, आईची अब्रू नाही. घंटा.

"घंटा पुढच्या वर्षी वाजव रे," मी म्हणाले, आणि मला राहवलं नाही, हात पुढे गेलाच.

तो सरपटत मागे सरला, बापाच्या मांडीला चिकटला. ताप होता तरी जोर बघा.

"मेमे, नाही! हात लावलास तर मी आउट!"

आजवर त्याने माझं एक ऐकलेलं नाही. चप्पल घाल म्हटलं तर घातली नाही, झाडावर चढू नको म्हटलं तर वरून उत्तर दिलं. आणि हा एक नियम, जगातला हा एकच नियम, त्याने माझ्याविरुद्ध पाळला. मी हात परत मांडीवर ठेवला. तो हात तिथे नुसता पडून राहिला, त्याचं काय करायचं मला सुचेना.

"राहू दे त्यांना," मी सयाडोंना म्हणाले. "त्यांची घंटा आहे."

तो बरा झाला. पोरं होतात. गुळाच्या पुड्या को टून पिशवीत भरून घरी घेऊन आला आणि आठवडाभर आमच्या चहात तोच गूळ पडत होता.

शेवटच्या सकाळी लांबून घंटा ऐकू आली तेव्हा सारी गल्ली दारात उभी होती. सासूबाईंनी नवी लुंगी नेसली होती आणि घंटा दिसायच्या आधीच त्यांचे डोळे वाहत होते. मी भाताचं पातेलं घेऊन उभी राहिले. तो आला. रांगेच्या सगळ्यात पुढे, घंटेपेक्षा थोडाच उंच, चीवर नीट बसलेलं, नजर जमिनीवर. एक टोला, चार पावलं, एक टोला. कोणी शिकवलं असेल त्याला असं चालायला? घरात तर तो एका जागेवरून दुसरीकडे कधी चालत गेलेला नाही, पळतच गेलाय.

"टिकला हो तुझा," मा न्वे माझ्या कानात म्हणाली. मनापासून म्हणाली.

घंटेवाला भिक्षा घेत नाही. तो दारात थांबत नाही, मागची रांग थांबते. हे मी जन्मापासून बघत आलेय, पण त्या सकाळी मात्र विसरले होते. मी भाताचा डाव उचलून धरला आणि तो माझ्यासमोरून तसाच पुढे गेला. वर बघितलं नाही. काही मागितलं नाही, नुसतं म्हटलंही नाही.

"दादा!" थिरी ओरडली. "दादा! दादा, इकडे बघ ना!"

एक टोला, चार पावलं. तो वळला नाही.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. सासू सुखावली होती, शेजारीण नमली होती, पोरगं शहाण्यासारखं वागत होतं. आणि मला वाटत होतं, धावत जावं, ती घंटा हिसकावून नदीत फेकावी आणि त्याला कानाला धरून घरी आणावं.

मागचा कोयिन पात्र घेऊन माझ्यासमोर उभा होता, कोणाचा तरी मुलगा. मी त्याला वाढलं. त्याच्या मागच्यालाही वाढलं. मग डाव पातेल्यात टाकला आणि थिरीला उचलून घेतलं. ती दादाच्या नावाने रडत होती, नाक माझ्या खांद्याला पुसत होती, आणि मी तिला दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरलं.

"मेमे, सोड," ती म्हणाली. "दुखतंय."

मी ऐकलं होतं. पण सोडलं नाही.